दर दोन तासांचे ऋण

(विजय दिनानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



१६ डिसेंबर १९७१ या दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. ३ डिसेंबरला पेटलेले युद्ध तेरा दिवसांत संपले. या दिवसाचे स्मरण करताना वक्ता श्रोत्यांना बहुधा रणभूमीवर घेऊन जातो. लोंगेवालाच्या वाळवंटात नेतो, बसंतर नदीच्या काठावर नेतो. ते योग्यच आहे. मला मात्र आज तुम्हांला फार लांब न्यायचे नाही. पुण्याला लागून असलेल्या खडकीला आपण जाणार आहोत. तेथे ना रणगाडे आहेत, ना खंदक. तेथे खाटा आहेत, चाकाच्या खुर्च्या आहेत आणि भिंतीवर घड्याळ आहे. या घड्याळाचे महत्त्व आज जर मी आपल्याला पटवून देऊ शकलो, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

युद्ध तेरा दिवसांत संपले; परंतु ज्या जवानांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, त्यांची झुंज युद्धविरामानंतर सुरू झाली. कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर निकामी झालेल्या अशा सैनिकांसाठी १९७४ साली खडकीत पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले. लोकांच्या बोलण्यात ते 'पॅराप्लेजिक होम' म्हणून ओळखले जाते. खडकीच्याच लष्करी रुग्णालयात मणक्याच्या दुखापतींवर विशेष उपचार होतात. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, सैन्यातून निवृत्तीचे कागद हातात पडले, आणि तरीही घरी परतण्याजोगी परिस्थिती नसली, तर त्या माजी सैनिकाने जायचे कोठे? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हे केंद्र. ते रुग्णालयही आहे आणि घरही आहे. पुढे पंजाबात मोहालीलाही असेच केंद्र निघाले.

पुणे परिसराला ही परंपरा नवीन नाही. पहिल्या महायुद्धात जायबंदी होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम मिळावे, यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज तंत्रशाळा सुरू झाली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नीने त्यासाठी पुढाकार घेतला होता. ती शाळा पुढे खडकीला आली आणि आजही तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले. हात किंवा पाय गमावलेल्या हजारो सैनिकांनी तेथे पुन्हा पहिले पाऊल टाकले आहे. म्हणजे पाय गेला, तर कृत्रिम पाय मिळतो. एका हाताचा धंदा गेला, तर दुसऱ्या हाताला कसब शिकवता येते. पण मज्जारज्जूच तुटला, तर? त्याला पर्याय देणारा कारागीर अजून जन्माला यायचा आहे.

बंधू-भगिनींनो, मज्जारज्जूची दुखापत म्हणजे नेमके काय, हे थोडे समजून घेऊ. आपल्याला वाटते, पाय हलत नाहीत, एवढीच अडचण. चालता न येणे हे या दु:खाचे केवळ वरून दिसणारे रूप आहे. दुखापतीच्या खालच्या भागात वेदनाही कळत नाही. आपण एका जागी बसलो, की पाच-दहा मिनिटांत नकळत अंग सावरतो, मांडी बदलतो. झोपेतही कूस बदलतो. ही सूचना शरीर शरीराला देत असते. त्या सैनिकाच्या शरीरात ती सूचना पोहोचतच नाही. मग हाडाच्या उंचवट्यावर, माकडहाडावर, टाचेवर सतत दाब पडतो, तेथला रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. दोन-तीन तासांच्या दुर्लक्षाने सुरू झालेली जखम भरून यायला महिने लागतात. तीच चिघळली, विष रक्तात भिनले, तर माणूस दगावतो.

मूत्राशयाचेही तसेच. लघवीची जाणीव होत नाही. ती नळीने काढावी लागते. नळी स्वच्छ नसेल, तर संसर्ग होतो आणि तो मूत्रपिंडापर्यंत जातो. ज्यांची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे, त्यांच्या बाबतीत नळीला नुसती एक घडी पडली, लघवी तुंबली, तरी रक्तदाब एकाएकी इतका चढतो, की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. मानेखाली सर्व शरीर निकामी झालेल्या माणसाला घामही नीट येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला ताप चढतो. शत्रूची गोळी एकदाच लागते; ही संकटे रोज दारात उभी असतात.

पहिल्या महायुद्धात अशी दुखापत झालेले बहुतेक सैनिक दोन-तीन वर्षांत मृत्यू पावत. डॉक्टरही आशा सोडत. ही निराशा मोडून काढणारा वैद्य जर्मनीतून परागंदा झालेला एक ज्यू होता. लुडविग गुटमन हे त्यांचे नाव. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३९ साली ते इंग्लंडला आले. १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात त्यांच्या हाती मणक्याच्या रुग्णांचा विभाग सोपवण्यात आला. तेथे त्यांनी कोणते नवे औषध शोधून काढले? कोणतेच नाही. त्यांनी नियम घातला, की दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. ती बदलली जाते की नाही, हे पाहायला ते रात्री-अपरात्री स्वत: विभागात फिरत. नळीची स्वच्छता ठेवली. आणि माणसे जगू लागल्यावर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला : हे जगणार कशासाठी? मग काम आले, खेळ आले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतील सोळा स्पर्धकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. आज जगभर गाजणाऱ्या पॅरालिम्पिकचा उगम त्या सोळा जणांत आहे. जायबंदी सैनिकांच्या रुग्णालयातून जगाला मिळालेली ही देणगी आहे.

आणि या देणगीत महाराष्ट्राच्या मातीचा वाटा आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर गेले. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले, तेही विश्वविक्रमासह. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, आणि जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या हाती पडला जानेवारी २०२५ मध्ये. सुवर्णपदकानंतर अर्धे शतक उलटून गेले होते. विसरण्यासाठी आपल्याला फार वेळ लागत नाही. आठवण्यासाठी मात्र पन्नास वर्षे लागतात.

हे मी इतरांना दोष देण्यासाठी सांगत नाही. या विसरण्यात माझा स्वत:चा वाटा आहे आणि आज तो तुमच्यासमोर मान्य करायचा आहे.

१९९९ची गोष्ट. कारगिलचे युद्ध नुकतेच संपले होते. मी तेव्हा एका वृत्तपत्रात उमेदवारी करत होतो. संपादकांनी सांगितले, खडकीला जा आणि जायबंदी वीरांवर एक लेख लिही. मी वही घेऊन गेलो. खुर्चीतल्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला : आपण कोणत्या युद्धात जखमी झालात? एक-दोघांनी युद्धाचे नाव घेतले. त्यांच्याशी मी तासभर बोललो. एक जवान सातारा जिल्ह्यातला होता. तिशीच्या आतबाहेरचा, हसतमुख. मी त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, ''युद्ध नाही साहेब. डोंगरातल्या रस्त्यावर आमची गाडी दरीत गेली.'' मी मान हलवली, वहीत दोन शब्द लिहिले आणि पुढच्या खुर्चीकडे वळलो. लेख छापून आला. लोकांनी वाखाणला. त्यात तो नव्हता.

काही आठवड्यांनी लेखाच्या प्रती द्यायला मी पुन्हा गेलो. तो जवान व्हरांड्यात होता. मी दिसताच म्हणाला, ''लेख वाचला साहेब. चांगला लिहिलाय. एक विचारू का?'' मी म्हणालो, ''विचारा ना.'' तो म्हणाला, ''इथं गोळी लागलेले थोडेच आहेत. कुणाची गाडी दरीत गेलीय, कुणी सरावात पडलाय, कुणी सुट्टीवर घरी आल्यावर. रात्री आमची कूस बदलायला जो माणूस येतो, तो गोळी का दरी, असं विचारत नाही. तुम्ही का विचारलंत?''

मला उत्तर देता आले नाही. आज इतक्या वर्षांनीही देता येत नाही. एवढेच सांगू शकतो, की तो बोलत असताना मध्येच थांबला, खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन त्याने आपले शरीर वर उचलले, क्षणभर तसेच धरले आणि खाली ठेवले. मी गोंधळून पाहत राहिलो. त्याने मनगटावरचे घड्याळ दाखवले. ''दर पंधरा मिनिटांनी उचलायचं. नाहीतर जखम होते. अंग सांगत नाही, म्हणून घड्याळाला विचारायचं.''

मी संपादकांना म्हणालो, की मला दुसरा लेख लिहायचा आहे. ते म्हणाले, आता तो विषय शिळा झाला. आणि मीही हट्ट धरला नाही. ही माझी दुसरी चूक.

मित्रहो, निवृत्तिवेतनाच्या नियमांत युद्धातली दुखापत आणि अन्य दुखापत असा भेद असतो. कार्यालयाला तो करावाच लागतो. पण समाजाने का करावा? ज्या रस्त्याने ती गाडी जात होती, त्या रस्त्यावर तो सहलीला निघाला नव्हता. सीमेवरच्या चौक्यांना धान्य, रॉकेल, दारूगोळा पोहोचतो तो अशाच गाड्यांतून. बर्फावर घसरणारा, दरडीखाली सापडणारा, सरावात कोसळणारा जवान हा राष्ट्ररक्षणाच्या कामातच पडलेला असतो. आपल्याला मात्र पराक्रमाची कथा हवी असते. कथा नसली, की आपली कृतज्ञता वळत नाही. म्हणजे आपण त्या सैनिकाला मान देत नाही. त्याच्या कथेतून आपल्याला मिळणाऱ्या रोमांचाला मान देतो. हे वाक्य कठोर आहे, पण ते मी प्रथम स्वत:ला उद्देशून म्हटले आहे.

त्यानंतर मी खडकीला अनेकदा गेलो. वही न नेता गेलो. तेथे मी पाहिले, की नुकताच आलेला, भिंतीकडे तोंड करून पडलेला विशीतला मुलगा डॉक्टरांचे ऐकत नाही. पण दहा वर्षे खुर्चीत काढलेला माजी सैनिक त्याच्याजवळ जाऊन बसतो, तेव्हा हळूहळू ऐकू लागतो. खाटेवरून खुर्चीत कसे सरकायचे, नळी कशी सांभाळायची, चाक उंबऱ्यावर कसे चढवायचे, हे जुना नव्याला शिकवतो. कोणी संगणक शिकतो. कोणी चाकाच्या खुर्चीत बास्केटबॉल खेळतो. हात निकामी झालेला कोणी तोंडात कुंचला धरून चित्र काढतो. साताऱ्याचा तो जवान पुढे अशा नवागतांचा न नेमलेला गुरुजी झाला होता. त्याची पहिली सूचना ठरलेली : ''आधी एक घड्याळ घे.''

आता थोडे व्यवहाराचे बोलतो, कारण भावना सभागृहाच्या दारापर्यंतच पोहोचते.

पूर्वी निवृत्त सैनिकाच्या उपचारांची सोय अत्यंत तुटपुंजी होती. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. सुरुवातीला देशभर २२७ चिकित्सालये मंजूर झाली. पुढे ही संख्या चारशेच्या पलीकडे गेली. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकाला आणि त्याच्या आश्रितांना तेथे उपचार मिळतात, आणि गरज पडली तर योजनेला जोडलेल्या खासगी रुग्णालयातही पाठवले जाते. ही मोठी सोय आहे. परंतु योजना कागदावर असणे वेगळे आणि पाटणच्या किंवा माणच्या वाडीतून चाकाच्या खुर्चीतील माणूस चिकित्सालयापर्यंत पोहोचणे वेगळे. त्याला गाडीत कोण बसवणार? कार्डाचा अर्ज कोण भरून देणार? दिवसभर रांगेत त्याच्यासोबत कोण थांबणार? बहुतेक घरांत या सर्व प्रश्नांचे उत्तर एकच असते : त्याची पत्नी. तीच रात्री उठून कूस बदलते, तीच नळी उकळते, तीच शेत पाहते. तिच्या नावाचे पदक नाही. आपण ज्याला वीरपत्नी म्हणतो, त्या शब्दात तिलाही जागा असली पाहिजे.

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो. १९४९ पासून तो पाळला जातो. शाळेत आपण सर्वांनी छातीवर तो छोटा कागदी ध्वज लावला आहे. त्याचे पैसे कोठे जातात, हे आपण कधी विचारले नाही. ध्वजदिन निधीचा विनियोग माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि आश्रित यांच्या कल्याणासाठी होतो. केंद्रीय सैनिक मंडळाकडून खडकी आणि मोहालीच्या केंद्रांनाही अनुदान मिळते. तेव्हा ध्वज घेताना खिशातले सुटे नाणे शोधू नका. आपल्या घरात एका दिवसाच्या दुधाला जे लागते, निदान तेवढे तरी द्या.

परंतु पैसा देऊन ऋण फिटत नाही. आपल्याकडे सेवेचे दोन प्रकार मानले जातात : नैमित्तिक आणि नित्य. पूर आला, भूकंप झाला, की आपले कार्यकर्ते धावून जातात. ती नैमित्तिक सेवा आणि तिचा आपल्याला योग्य अभिमान आहे. राखीपौर्णिमेला भगिनी सैनिकांच्या रुग्णालयात जातात, हेही उत्तम. पण दुसऱ्या दिवशी? खडकीतील एका वृद्ध माजी सैनिकाने मला हसत सांगितले होते, ''राखीपौर्णिमेला माझ्या हातावर कोपरापर्यंत राख्या असतात. पुढच्या मंगळवारी बुद्धिबळ खेळायला कोणी नसतं.'' आपल्याला त्या पुढच्या मंगळवारी जायचे आहे. केंद्राच्या व्यवस्थापनाला आधी विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी, छायाचित्रकार न घेता. तेथे जाऊन दया दाखवायची नाही, उपदेश करायचा नाही. बुद्धिबळाचा पट मांडायचा आणि शक्यतो हरायचे नाही, कारण मुद्दाम हरलेले त्यांना लगेच कळते.

आणि खडकीला जाणे सर्वांना शक्य नाही. आपल्या तालुक्यात असा एखादा माजी सैनिक आहे का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून कळू शकते. त्याच्या घरी जा. दरवाजा चाकाची खुर्ची जाण्याइतका रुंद आहे का, शौचालयापर्यंत उतार आहे का, एवढे पाहा. गवंड्याच्या दोन दिवसांच्या कामाने एका माणसाचे कोंडलेले आयुष्य अंगणापर्यंत येते.

शेवटची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. संयोजकांना वाईट वाटू नये. त्यांनी हा कार्यक्रम अत्यंत आत्मीयतेने केला आहे. पण आज सायंकाळी येताना मी या सभागृहाच्या पायऱ्या मोजल्या. त्या अकरा आहेत. बाजूला उतार नाही. आपण येथे विजय दिन साजरा करत आहोत आणि ज्याने तो विजय आपल्या पाठीच्या कण्याने चुकता केला, तो येथे स्वत:हून येऊ शकत नाही. आला, तर चौघांना त्याला खुर्चीसह उचलून आणावे लागेल. आपण ते आनंदाने करू, यात मला शंका नाही. पण ज्याने आयुष्यभर ताठ मानेने कवायत केली, त्याला गाठोड्यासारखे उचलून घ्यायला काय वाटत असेल, याचा विचार करा. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आहे. कायद्याची वाट आपण कशाला पाहायची? पुढच्या वर्षीच्या व्याख्यानापूर्वी येथे सिमेंटचा उतार झाला पाहिजे. अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने, आजच्या व्याख्यानाचे मानधन मी त्या कामासाठी येथेच ठेवून जातो. उरलेले आपण सर्वांनी मिळून पूर्ण करावे.

मला बोलायला लागून आता पाऊण तास झाला. एवढ्या वेळात साताऱ्याच्या त्या जवानाने घड्याळाकडे पाहून तीनदा स्वत:ला उचलले असते. आज रात्री आपण घरी जाऊन झोपू आणि झोपेत नकळत कूस बदलू. त्या वेळी देशात कोठेतरी एखादी पत्नी, एखादा परिचारक उठलेला असेल आणि एका सैनिकाची कूस बदलत असेल. दोन तासांनी पुन्हा उठेल. त्या हातांना माझा नमस्कार.

पुढच्या १६ डिसेंबरला आपण पुन्हा भेटू. तो उतार झालेला असेल, अशी अपेक्षा ठेवून मी आपली रजा घेतो.

भारत माता की जय.